समोरच्या फ्लॅटमधले दोन एल्डर

कोजागिरीच्या रात्री मंडळाच्या गच्चीवर दूध आटत होते तेव्हा आम्ही बेंगळुरूच्या दोन मुलांची गोष्ट काढली, आणि इतके प्रश्न आले की दुधाकडे कोणाचे लक्ष राहिले नाही. मॉर्मन म्हणजे नेमके कोण? ते चार-चार बायका करतात ना? त्या मुलांना पगार किती? आणि शेवटी, जरा आवाज उतरवून, तुम्हाला बाटवायला आले होते का? चिटणीस म्हणाले, तोंडी सांगून उपयोग नाही, लिहून द्या, संकेतस्थळावर टाकू. म्हणून हा लेख. जे त्या मुलांकडून ऐकले, जे डोळ्यांनी पाहिले आणि जे नंतर वाचून पडताळले, तेवढेच येथे दिले आहे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे दोन महिने मुलाकडे बेंगळुरूला होतो. समोरच्या फ्लॅटमध्ये दोन तरुण भाड्याने राहत. रोज पांढरा शर्ट, टाय, काळी पँट, पाठीला सॅक आणि खिशावर काळी पाटी. पाटीवर इंग्रजीत ‘एल्डर’ आणि पुढे आडनाव. आम्हाला वाटले औषध कंपनीचे एमआर असणार. एल्डर नावाची औषधांची कंपनी आपल्या ऐकण्यातली आहे, आणि टाय लावून उन्हात फिरणारा दुसरा प्राणी आपल्याकडे कोण असतो? आठ-दहा दिवस आम्ही त्याच समजुतीत होतो. जिन्यात भेटले की ती मुले बाजूला होऊन वाट देत, भाजीची पिशवी हातातून घेत. हल्ली शेजारी इतके करत नाहीत, म्हणून एका संध्याकाळी सौभाग्यवतींनी त्यांना चहाला बोलावले.

आले, बसले, आणि चहाचा कप समोर ठेवल्यावर दोघांनी हात जोडले. “आंटी, आम्ही चहा घेत नाही.” बरे, कॉफी? तीही नाही. आपल्याकडे चहा नाकारणे म्हणजे काय ते बुऱ्हाणपूरकरांना सांगायला नको. शनवाऱ्याच्या दुकानातसुद्धा गिऱ्हाईक चहा घेतल्याशिवाय उठत नाही. आमचा चेहरा पडला. आमच्या घरचे चालत नाही की काय, अशी शंका मनात आली, आणि ती तोंडावरही दिसली असावी, कारण मोठा मुलगा घाईघाईने समजावू लागला की चहा, कॉफी, दारू, तंबाखू हे सगळे त्यांच्या धर्मात वर्ज्य आहे. हा नियम १८३३ सालापासूनचा. मग कोकम सरबत झाले, बुऱ्हाणपूरहून नेलेला दराबा झाला. दराबा त्यांनी दोनदा मागून घेतला. त्या दिवशी कळले की ही मुले औषधे विकत नाहीत, धर्मप्रचारक आहेत. एक एकोणीस वर्षांचा, दुसरा वीस. आणि ‘एल्डर’ म्हणजे ज्येष्ठ, वडीलधारा! मिसरूड नीट न फुटलेल्या मुलाला ज्येष्ठ म्हणायचे, याचे आम्हाला फार हसू आले. त्यांनाही ते ठाऊक होते, तेही हसले.

आता थोडी माहिती. ज्यांना जग मॉर्मन म्हणते त्या मंडळीचे स्वतःचे नाव लांबलचक आहे. मराठीत सांगायचे तर ‘येशू ख्रिस्ताची उत्तरकालीन संतांची मंडळी’. ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने ती स्थापन केली. बायबलखेरीज ‘मॉर्मनचे पुस्तक’ हाही त्यांचा पवित्र ग्रंथ, त्यावरून हे टोपणनाव पडले. २०१८ पासून त्यांच्या प्रमुखांनी हे टोपणनाव वापरू नका असे आग्रहाने सांगितले आहे, पण वाचकांच्या सोयीसाठी आम्ही तेच ठेवतो. मुख्य ठाणे युटा राज्यातले सॉल्ट लेक सिटी. बाकीचे बरेच ख्रिस्ती पंथ त्यांना आपल्यात धरत नाहीत, ते स्वतःला ख्रिस्तीच म्हणवतात. चार बायकांचे म्हणाल तर, ती चाल त्यांच्यात होती हे खरे. १८५२ साली त्यांनी ती जाहीरपणे मान्य केली आणि १८९० साली अधिकृतपणे सोडली. आज कोणी तसे केले तर मंडळीतून काढून टाकतात.

या मंडळीत मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याने दोन वर्षे प्रचाराला जावे अशी अपेक्षा असते. मुलीही जातात, त्यांची मुदत अठरा महिन्यांची. जगभरात अशी सत्तर हजारांहून जास्त मुले-मुली एका वेळी कामावर असतात. कुठे जायचे हे स्वतः ठरवायचे नसते, मुख्यालयातून पत्र येते. बँकेतल्या बदलीची ऑर्डर आठवली. फरक इतकाच की आम्ही ती रद्द करायला रीजनल ऑफिसच्या चकरा मारत असू, आणि ही मुले पत्र उघडताना घरच्यांना भोवती जमवतात. आमच्या समोरचे दोघेही भारतीयच होते. धाकटा आंध्रातला, गोदावरीकाठचा, मोठा उत्तरेकडचा. आपापसात इंग्रजी बोलत, आमच्याशी हिंदी. धाकट्याचे हिंदी कच्चे होते. आमच्याकडे येऊन त्याने ते थोडे सुधारले, आणि अर्थातच त्यात निमाडी-मराठी शब्द शिरले.

त्यांचा आठवडा सोमवारी सुरू होतो, आणि सोमवार हाच सुटीचा दिवस. सुटी म्हणजे लोळायची नव्हे. सकाळी कपडे धुणे. गॅलरीत दोरीवर दहा-बारा पांढरे शर्ट वाळत पडले की आम्हाला वार कळायचा. मग आठवड्याचा किराणा, केस कापणे, खोली झाडणे-पुसणे, आणि दुपारी शहरातल्या दुसऱ्या जोड्यांबरोबर क्रिकेट किंवा फुटबॉल. त्या दिवशी पाटी आणि टाय नसे, तेव्हा ती कॉलेजातली पोरे दिसत. सोमवारचे सर्वांत मोठे काम म्हणजे घरी फोन. फेब्रुवारी २०१९ पर्यंत या मुलांना वर्षातून दोनदाच घरच्यांशी फोनवर बोलता येत असे, एक नाताळला आणि एक मातृदिनाला. एरवी आठवड्याला पत्र किंवा ईमेल. आता आठवड्यातून एकदा बोलता येते, व्हिडिओवरसुद्धा. त्यांच्या फोनची वेळ झाली की समोरचे दार लागायचे आणि आतून तेलुगू ऐकू यायचे, आधी मोठ्याने, मग हळू.

मंगळवारपासून घड्याळ लागते. सकाळी साडेसहाला उठणे, अर्धा तास व्यायाम, न्याहारी, मग ग्रंथांचा अभ्यास, आधी एकट्याने आणि मग दोघांनी मिळून. शिकवायचे धडे एकमेकांवर म्हणून बघायचे. त्यानंतर जे बाहेर पडायचे ते रात्री नऊच्या सुमारास परत, साडेदहाला दिवा बंद. आम्ही मुलाच्या गॅलरीतून पाहायचो, साडेदहा म्हणजे साडेदहा. सिनेमा नाही, टीव्ही नाही. फोन असतो, पण तो कामापुरता. प्रेमप्रकरण वगैरे दोन वर्षे पूर्ण बंद. आणि सर्वांत कडक नियम हा की एकट्याने कुठेही जायचे नाही. जोडीदार कायम नजरेच्या टप्प्यात हवा. तो आजारी पडला तर दुसराही घरात. एकदा आम्ही बाहेर गेलो असताना मुले रिकामा डबा परत द्यायला आली आणि सौभाग्यवतींनी आत या म्हटले, तर दारातच उभी राहिली. घरात स्त्री एकटी असेल तर आत जायचे नाही, असाही नियम आहे. सौभाग्यवती म्हणाल्या, अरे मी तुझ्या आजीच्या वयाची! तरी डबा उंबऱ्यावरून दिला आणि गेली.

जोडीदारही आपण निवडायचा नसतो. साधारण सहा-सहा आठवड्यांच्या मुदतीने फेरबदल जाहीर होतात, कधी गाव बदलते, कधी जोडीदार, कधी काहीच नाही. न आवडणाऱ्या माणसाबरोबर चोवीस तास काढायचे. आम्ही छत्तीस वर्षे नोकरी केली, न पटणारे सहकारी भेटले, पण पाचला कुलूप लावून घरी जाता येत होते. या मुलांना जाता येत नाही. आठवड्यातून एकदा दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांबद्दलच्या तक्रारी बोलून टाकायच्या, अशीही पद्धत आहे. मोठ्याची तक्रार होती की धाकटा भातात फार तिखट घालतो. धाकट्याची काय होती ते त्याने सांगितले नाही.

दिवसभर करतात काय? ज्यांनी बोलावले असेल त्यांच्याकडे जाऊन धडे शिकवणे, मंडळीतल्या आजारी-म्हाताऱ्यांना भेटणे, कोणाचे सामान हलवायचे असेल तर हलवणे, कोणी रविवारी आले नाही तर चौकशी करणे, आणि नवीन माणसे शोधणे. आमच्या इमारतीत त्यांनी कोणाची घंटा वाजवल्याचे आम्ही पाहिले नाही, पण बसस्टॉपवर, बागेत लोकांशी बोलत असावेत. यातले बहुतेक दिवस नकाराचे असतात. येतो म्हणालेला माणूस येत नाही. पत्ता दिलेला असतो तिथे कुलूप. फोन उचलला जात नाही. एका शुक्रवारी दोघे पावसात चिंब भिजून आले. शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन बस बदलून गेले होते आणि ज्याच्यासाठी गेले त्याने खिडकीतून पाहून दार उघडले नाही. आम्ही विचारले, राग नाही येत? मोठा म्हणाला, पहिले सहा महिने येतो.

आणि मग आकडे! हे ऐकून मात्र आम्ही खुर्चीत सावरून बसलो. आठवड्याच्या शेवटी प्रत्येक जोडीने हिशेब पाठवायचा असतो. नवीन किती जणांना शिकवायला सुरुवात केली, किती जण रविवारच्या सभेला आले, किती जणांच्या बाप्तिस्म्याची तारीख ठरली. तीन-चार जोड्यांवर एक मुलगा प्रमुख, त्याच्या वर आणखी एक, आणि सर्वांच्या वर मिशन अध्यक्ष. शाखा, क्षेत्रीय कार्यालय, अंचल कार्यालय, अगदी तेच. मार्च महिन्यातल्या डिपॉझिट टार्गेटने आमची झोप उडालेली आहे, त्यामुळे धाकट्याच्या वहीतली शून्ये पाहून पोटात कालवले. आमचे स्पष्ट मत आहे की श्रद्धेच्या कामाला असा तक्ता लावू नये. आम्ही ते त्यांना बोलून दाखवले. मोठ्याचे म्हणणे की आकडा माणसाला विसरू नये म्हणून असतो. हे वाक्य आम्ही बँकेच्या ट्रेनिंग कॉलेजातही ऐकले होते, तेव्हाही पटले नव्हते.

मिशन अध्यक्ष म्हणजे कोणी पगारी पाद्री नव्हे. आपला धंदा किंवा नोकरी तीन वर्षे बाजूला ठेवून आलेला गृहस्थ आणि त्याची पत्नी. राहण्या-खाण्याचा खर्च मंडळी करते, पगार नाही. मुलांनाही पगार नाही. उलट मुलाच्या घरच्यांनीच दरमहा पैसे भरायचे. पूर्वी ज्या देशात मुलगा गेला तिथला खरा खर्च त्याच्या घरच्यांवर पडे, म्हणजे जपानला गेला तर बापाचे दिवाळे. १९९० च्या सुमारास सर्वांसाठी सारखा हप्ता ठरला. तो ४०० डॉलर होता, जुलै २०२० पासून ५०० झाला, आजच्या भावाने चाळीस हजार रुपयांच्या वर. स्वस्त देशातल्याने महाग देशातल्याचा भार थोडा उचलायचा, विम्याचेच तत्त्व. गरीब देशांतल्या कुटुंबांना हे झेपणारे नाही, तिथे झेपेल तेवढे घरचे देतात आणि बाकी मंडळीच्या निधीतून येते. मुलाच्या हातात खाण्यापिण्याला ठरावीक रक्कम मिळते. महिनाअखेरीस समोरच्या घरात फक्त भात आणि अंडी शिजत, हे आम्ही वासावरून सांगू शकतो.

संध्याकाळचे जेवण काही वेळा मंडळीतल्या कुटुंबांकडे असते, या वारी यांच्याकडे, त्या वारी त्यांच्याकडे. हे ऐकल्यावर आम्हाला आमचे आजोबा आठवले. ते खानदेशातून पुण्याला शिकायला गेले आणि वार लावून जेवले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. एक वार रिकामा होता, त्या दिवशी चुरमुरे. परक्याच्या घरी कसे बसावे, काय मागू नये, वाढणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरून किती खावे हे कसे ओळखावे, हे सगळे त्या वारांनी शिकवले असे ते म्हणत. मुलांना ही गोष्ट सांगितली. धाकट्याने विचारले, त्या घरांत कोणी तुमच्या आजोबांना कामाला लावत असे का? लावत असत. पाणी भरायला. तो म्हणाला, आम्हीही भांडी घासतो.

रविवारी मुले इस्त्रीचे कपडे घालून सकाळीच निघत. त्यांची सभा २०१९ पासून दोन तासांची आहे, आधी तीन तासांची होती. पाव आणि पाणी प्रसादासारखे वाटतात. दारू वर्ज्य म्हणून द्राक्षारसाच्या जागी पाणी. व्याख्यान द्यायला नेमलेला पुजारी नसतो, सभासदच पाळीपाळीने बोलतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास. दोन वेळचे जेवण सोडायचे, पाणीही नाही, म्हणजे आपली निर्जळा एकादशी. पण त्यात एक गोष्ट आम्हाला फार आवडली. त्या दोन जेवणांचे जे पैसे वाचले ते गरिबांसाठी द्यायचे. आपल्या एकादशीला साबुदाणा, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू आणि रताळ्याचा कीस मिळून रोजच्या जेवणापेक्षा खर्च जास्त होतो, हे आम्ही घरचा हिशेब ठेवणारा माणूस म्हणून सांगतो. (सौभाग्यवतींनी हे वाक्य काढायला सांगितले होते.)

हे लोक आपल्या मुलखात नवे आहेत असे आम्हाला वाटत होते, पण वाचल्यावर वेगळेच निघाले. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला. वय तीस. मुंबईत वर्तमानपत्रांनी आणि पाद्र्यांनी त्याला झोडपून काढले, बहुपत्नीत्वाची बातमी तेव्हा ताजी होती. मग तो पुण्याला गेला. रेल्वे १८५३ साली जेमतेम ठाण्यापर्यंत पोहोचली होती, बोरघाट सडकेनेच चढावा लागे. पुण्याला लष्करी छावणीत त्याला थारा मिळाला नाही, म्हणून हद्दीबाहेर जागा पाहून त्याने सभा घेतल्या. तो मराठी शिकू लागला, आणि मराठी लोकांना उद्देशून त्याने एक पुस्तिकाही काढली. पदरी पडले काय, तर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी माणसे, त्यांतही बहुतेक गोरे सोल्जर आणि त्यांच्या घरचे. १८५५ साली तो परत गेला. त्याच सुमारास कलकत्ता, मद्रास, कराची इथे आलेले त्याचे सोबतीही एकेक करून निघून गेले.

या मूठभरांत मुंबईत जन्मलेली एलिझाबेथ झेवियर टेट नावाची एक बाई होती. नवरा लष्करात होता, तो आधी अमेरिकेला पोहोचला. ती मागून इंग्लंडमार्गे निघाली. १८५६ साली हातगाड्या ओढत पायी जाणाऱ्या ज्या तांड्याला वाटेत बर्फाने गाठले आणि ज्यातली कितीतरी माणसे दगावली, त्या विली तांड्यात ती होती. तिचे तान्हे मूल त्या प्रवासात गेले. ती युटाला पोहोचली आणि तिथेच राहिली. मुंबईची बाई, बर्फात हातगाडी ओढते आहे. आम्ही हे वाचून मुलांना विचारले, तर धाकट्याला तिचे नाव ठाऊक होते. फिंडलेचे मात्र दोघांनाही नव्हते.

त्यानंतर सव्वाशे वर्षे जवळजवळ काहीच नाही. १९७८ मध्ये सामोआ बेटावर नोकरीला असलेले एडविन धर्मराजू आणि त्यांच्या पत्नी एल्सी हे हैदराबादला आपल्या माणसांत आले आणि त्यांच्या बावीस नातेवाइकांनी बाप्तिस्मा घेतला. १९९३ मध्ये बेंगळुरूला मिशनचे कार्यालय झाले. आपल्या इतक्या मोठ्या देशात त्यांची संख्या आजही काही हजारांतच आहे.

आता तो आवाज उतरवून विचारलेला प्रश्न. होय, ही मुले लोकांनी त्यांच्या मंडळीत यावे म्हणूनच फिरतात, त्यात आडपडदा नाही. आम्ही सरळ विचारले, त्यांनी सरळ सांगितले. लहान मुलाला आईबापाच्या संमतीशिवाय आणि विवाहिताला जोडीदाराच्या संमतीशिवाय बाप्तिस्मा देत नाहीत, असा त्यांचा नियम आहे. कायद्याचे म्हणाल तर, या विषयातला देशातला सर्वांत गाजलेला खटला आपल्याच राज्यातला. मध्य प्रदेशाचा १९६८ चा कायदा स्टॅनिस्लाउस नावाच्या पाद्र्याने न्यायालयात नेला, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की घटनेच्या कलम २५ ने आपल्या धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा नाही. आता २०२१ चा नवा कायदा आहे. धर्म बदलू इच्छिणाऱ्याने आणि तो विधी करणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, जबरदस्ती किंवा आमिष असेल तर शिक्षा. बुऱ्हाणपुरात पांढऱ्या शर्टातली अशी जोडी आम्ही तरी कधी पाहिली नाही.

पण प्रचारक म्हणाल तर आपल्या गावाने किती पाहिले! सुरतेहून आग्र्याला जाणारा रस्ता इथून जायचा. असीरगडाच्या वेढ्याच्या वेळी, १६०१ च्या सुमारास, अकबराबरोबर जेरोम झेवियर हा जेझुइट पाद्री इथे होता. १७०८ साली गुरू गोविंदसिंग इथे थांबले. बोहरा समाजाची दर्गा-ए-हकीमी इथे, स्वामिनारायणाचे मंदिर इथे. जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे, तो तर आपण पाहुण्यांना हटकून दाखवतो. इथून बाहेरही विचार गेले आहेत. मुहम्मद फजलुल्लाह बुऱ्हाणपुरी या सूफीने लिहिलेला छोटासा ग्रंथ समुद्र ओलांडून सुमात्रा-जावापर्यंत वाचला गेला. ज्या गावातून हे सगळे लोक आले-गेले, त्या गावच्या माणसाने दोन पोरांना घाबरायचे कारण नाही, असे आम्हाला वाटते. त्यांनी दिलेले पुस्तक आम्ही ठेवून घेतले, थोडे वाचले, पटले नाही, आणि तसे सांगितले. मोठा म्हणाला, ठीक आहे अंकल. त्यानंतरही तो गॅस सिलिंडर वर आणायला आला.

आमची खरी खंत दुसरीच आहे. सहाव्या आठवड्यात एका सोमवारी फोन झाल्यावर धाकटा बराच वेळ जिन्यात बसला होता, आणि मोठा दोन पायऱ्या वर, नियमाप्रमाणे नजरेच्या टप्प्यात. सौभाग्यवतींनी विचारले. त्याच्या आईवडिलांनी हा पंथ घेतला आहे, आजीने घेतलेला नाही. आजीने नातवाला लहानाचे मोठे केले. तो घरून निघाला तेव्हा ती मागच्या दारी जाऊन बसली, आणि तेव्हापासून बोलत नाही. सोमवारी फोन लागतो तेव्हा ती त्याच खोलीत असते, पण कॅमेऱ्यासमोर येत नाही. त्याला अकरा महिने झाले होते. तेरा उरले होते. आम्ही म्हटले, घरी जावेसे वाटत असेल तर जा, कोण अडवणार आहे? तो म्हणाला, अडवत कोणी नाही. पण मुदतीआधी परतलेल्या मुलाकडे मंडळीतले लोक कसे बघतात हे त्याला माहीत होते. परत आल्यावर उत्तरे देत बसावे लागते, तब्येत बरी नव्हती का, काही चुकले का. आणि आजीसमोर तरी काय म्हणून उभे राहायचे? हरून आलो म्हणून?

आम्ही त्यावर काही बोललो नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर घरच्यांची श्रद्धा, मंडळीची इभ्रत आणि आजीचे रुसणे एवढे सगळे ठेवावे का, हा प्रश्न आम्ही त्या धर्मापुरता विचारत नाही. आपल्या घरांतली मुले कोट्याला पाठवताना आपण तरी काय करतो? दोन वर्षे, मोठा हप्ता, आठवड्याचे टेस्टचे मार्क आणि मध्येच परत आलेल्या मुलाकडे बघण्याची तीच नजर.

सौभाग्यवतींनी त्याला सांगितले की आजीला पत्र लिही. फोनवर नाही म्हणणे सोपे असते, कागद घरात पडून राहतो. त्याने लिहिले की नाही ते कळले नाही.

पुढच्या आठवड्यात फेरबदल जाहीर झाले. मोठा दुसऱ्या गावी गेला, धाकटा तिथेच राहिला, आणि आता जोडीत तोच अनुभवी ठरला. नवा मुलगा आला तो नुकताच अठरा पूर्ण केलेला, टायची गाठ वाकडी, खिशावर पाटी ‘एल्डर’. आमचे बुऱ्हाणपूरचे तिकीट दोन दिवसांवर आले होते. निरोपाला दोघांना बोलावले. नव्या मुलाने स्वयंपाकघराकडे पाहून सांगायला तोंड उघडले, तेवढ्यात धाकट्याने त्याला थांबवले. “आंटींना माहीत आहे,” तो म्हणाला, आणि स्वतःच फ्रिजमधून कोकमाची बाटली काढायला उठला.